जुन्या ट्रॅक्टरचे मागील टायर : निवड आणि बदल

ट्रॅक्टर जुना झाला की मालकाचे लक्ष प्रथम इंजिनाकडे जाते. धूर किती येतो, तेल किती लागते, याची चौकशी होते. मात्र इंजिनाने निर्माण केलेली सारी ताकद जमिनीपर्यंत पोहोचते ती मागच्या दोन टायरांमधून. ती झिजली असतील, तर उत्तम स्थितीतील इंजिनही नांगराला ओढ देऊ शकत नाही. चाके जागीच फिरतात आणि डिझेल वाया जाते. शहरात नोकरी करणाऱ्या अनेक कुटुंबांची गावाकडे सामाईक शेती असते, वीस-पंचवीस वर्षे वापरलेला एखादा ट्रॅक्टर असतो आणि टायर बदलण्याची वेळ आली की निर्णय फोनवरच घ्यावा लागतो. एका जोडीला काही दहा हजार रुपये मोजावे लागतात. त्यामुळे कोणता टायर घ्यावा, एकच बदलून भागेल का आणि बसविताना कोणती खबरदारी घ्यावी, याची माहिती असणे उपयुक्त ठरते.

लोखंडी चाकापासून रबरी टायरपर्यंत

आरंभीच्या ट्रॅक्टरांना लोखंडी चाके असत व त्यांवर पोलादी दाते बसविलेले असत. ही चाके शेतात पकड घेत. पण रस्त्यावर चालविणे अवघड होते आणि वेगही अत्यंत मंद असे. अमेरिकेत १९३२ साली अॅलिस-चाल्मर्स कंपनीने आपल्या 'मॉडेल यू' ट्रॅक्टरला हवा भरलेली रबरी टायर देऊ केली आणि काही वर्षांतच चित्र पालटले. रबरी टायर हवेमुळे किंचित दबते, जमिनीवर पसरते आणि अधिक क्षेत्रफळावर भार टाकते. त्यामुळे तीच ओढ कमी इंधनात मिळते. भारतात १९६०च्या दशकात ट्रॅक्टरनिर्मितीने मूळ धरले, तेव्हा रबरी टायर सर्वमान्य झाली होती. लोखंडी चाक आज आपल्याकडे उरले आहे ते मुख्यत्वे भातखाचरातील चिखलणीसाठी.

टायरवरील अक्षरे व आकडे

टायर निवडताना पहिली पायरी म्हणजे जुन्या टायरच्या बाजूवर उमटविलेला मजकूर वाचणे. तीस ते पन्नास अश्वशक्तीच्या बहुतांश भारतीय ट्रॅक्टरांवर १२.४-२८, १३.६-२८ किंवा १४.९-२८ यांपैकी एक आकार आढळतो. यातील पहिला आकडा टायरची रुंदी इंचांत दर्शवितो, तर दुसरा रिमचा व्यास इंचांत सांगतो. दोन्ही आकड्यांमध्ये आडवी रेघ असेल तर टायर 'बायस' म्हणजे तिरक्या विणीची आहे; रेघेच्या जागी 'आर' हे अक्षर असेल तर ती रेडियल आहे. फार जुन्या ट्रॅक्टरच्या टायरवर वा पुस्तिकेत ११-२८, १२-२८ किंवा १३-२८ असे आकार दिसतात. ते अनुक्रमे आजच्या १२.४-२८, १३.६-२८ व १४.९-२८ यांच्याशी जुळतात. रेडियल टायरवर कधी मेट्रिक आकार असतो. ३४०/८५ आर २८ ही टायर १३.६ आर २८ला समतुल्य समजली जाते.

'पीआर' या अक्षरांपूर्वीचा आकडा टायरची भारक्षमता दाखवितो. पूर्वी सुती धाग्यांचे जितके थर असत, त्यावरून ही मोजणी सुरू झाली. आज नायलॉनसारखे मजबूत धागे वापरले जात असल्याने १२ पीआरच्या टायरमध्ये प्रत्यक्ष बारा थर असतातच असे नाही. त्या ताकदीची टायर, एवढाच त्याचा अर्थ. वेगासाठी 'ए६' वा 'ए८' असे चिन्ह असते. ए६ म्हणजे ताशी ३० किलोमीटर आणि ए८ म्हणजे ताशी ४० किलोमीटर ही कमाल मर्यादा होय.

आणखी एक महत्त्वाचा मजकूर म्हणजे निर्मितीची तारीख. बहुतेक टायरांवर ती चार अंकांत असते. पहिले दोन अंक वर्षातील आठवडा व पुढचे दोन वर्ष सांगतात. '१४२५' असे असेल तर टायर २०२५ सालच्या चौदाव्या आठवड्यात तयार झाली. दुकानात दीर्घकाळ पडून राहिलेली टायर सवलतीत मिळत असली, तरी रबराचे वय वापराविनाही वाढते, हे ध्यानात ठेवावे.

बदलण्याची वेळ कशी ओळखावी?

नव्या टायरवरील तिरक्या रबरी पट्ट्या, ज्यांना 'लग' म्हणतात, साधारणतः साडेतीन ते चार सेंटिमीटर उंच असतात. त्या मातीत रुततात आणि रेटा देतात. ही उंची पाव भागापर्यंत आली, की मऊ शेतात टायरची उपयुक्तता संपत आली असे समजावे. मात्र उंची हा एकमेव निकष नाही. कोरड्या, कडक जमिनीवर किंवा डांबरी रस्त्यावर झिजलेली टायरही काम देते. म्हणून ट्रॅक्टर कोणत्या कामाला लागतो, यावर निर्णय अवलंबून असतो.

चाके किती घसरतात, हे मोजण्याची एक सोपी रीत आहे. टायरच्या बाजूवर खडूने खूण करावी. नांगर जमिनीत घालून, चाकाचे दहा फेरे होईपर्यंत ट्रॅक्टर चालवावा आणि कापलेले अंतर मोजावे. त्यानंतर नांगर उचलून त्याच जमिनीवर दहा फेऱ्यांचे अंतर मोजावे. ओढीशिवाय ४० मीटर व ओढीसह ३६ मीटर अंतर पडले, तर घसरण १० टक्के झाली. मशागतीच्या कामात सुमारे ८ ते १५ टक्के घसरण योग्य मानली जाते. त्याहून कमी असेल तर ट्रॅक्टरवर अनावश्यक वजन आहे. बरीच जास्त असेल तर टायर झिजली आहे, वजन अपुरे आहे किंवा हवेचा दाब चुकीचा आहे.

या आकड्याचे खर्चाशी थेट नाते आहे. १० टक्के घसरणीत जे रान सहा तासांत नांगरून होते, तेच ३० टक्के घसरणीत जवळजवळ पावणेआठ तास घेते. पावणेदोन तासांचे डिझेल, चालकाची मजुरी आणि वापसा निघून जाण्याची धास्ती, हे सारे झिजलेल्या टायरच्या खात्यावर मांडावे लागते.

टायरच्या बाजूवरील बारीक भेगा उन्हामुळे पडतात. त्या वरवरच्या असतील तर घाबरण्याचे कारण नाही. पण भेगेतून आतले धागे दिसू लागले, बाजूला फुगवटा आला किंवा रिमजवळची कड फाटली, तर लगची उंची कितीही असो, टायर ताबडतोब बदलावी. वर्षाला जेमतेम दोनशे तास चालणाऱ्या घरगुती ट्रॅक्टरची टायर झिजण्याआधी उन्हाने म्हातारी होते, असा अनुभव सार्वत्रिक आहे. ट्रॅक्टर सावलीत उभा करण्याची सवय त्यासाठीच हितावह ठरते.

नक्षीची निवड

मागील टायरच्या नक्षीचे प्रकार 'आर' अक्षर व आकडा यांनी ओळखले जातात. आर-१ ही सर्वसाधारण शेतीकामाची नक्षी होय. नांगरट, वखरणी, पेरणी व वाहतूक अशी मिश्र कामे करणाऱ्या ट्रॅक्टरला तीच योग्य. आर-२ नक्षीतील लग आर-१च्या जवळपास दुप्पट उंच असतात. ती चिखलासाठी, विशेषतः भात व ऊस यांच्या ओल्या रानासाठी तयार केली आहे. आर-४ ही नक्षी बांधकाम व खोदकामाच्या यंत्रांसाठी असून शेतात तिची पकड कमी पडते.

महाराष्ट्रात जमिनीनुसार गरज बदलते. विदर्भ-मराठवाड्यातील काळी कसदार जमीन ओली असताना टायरला चिकटते आणि लगांमधील जागा भरून टाकते. तेथे लगांमधील अंतर मोठे व लग उंच असलेली टायर स्वतःला लवकर स्वच्छ करते. कोकणात तसेच भंडारा-गोंदियाच्या भातपट्ट्यात चिखलणीसाठी पुष्कळ शेतकरी लोखंडी पिंजऱ्याची चाके, अर्थात केज व्हील, जोडतात. अशा वेळी खास चिखलाच्या टायरवर खर्च करण्याचे कारण नाही. वर्षभराच्या कामाला सोयीची आर-१ पुरते. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर या ऊसपट्ट्यांत मात्र गळीत हंगामात ट्रॅक्टर महिनोन्‌महिने डांबरी रस्त्यावर ट्रॉली ओढतो. उंच लगची टायर येथे तोट्याची. रस्त्यावर तिचा भार मोजक्या रबरी पट्ट्यांवर पडतो, त्या गरम होतात आणि भराभर झिजतात. रुंद, सपाट माथ्याचे लग व मध्यभागी भरपूर रबर असलेली आर-१ टायर वाहतुकीला अधिक टिकते.

रेडियल टायर जमिनीवर अधिक पसरते, माती कमी दाबते आणि ओढही चांगली देते. तथापि तिची किंमत जास्त असते. जुन्या, मध्यम ताकदीच्या ट्रॅक्टरला बायस टायर बहुधा पुरेशी ठरते. एका आसावर एक बायस आणि एक रेडियल असे मिश्रण कदापि करू नये.

मोठा आकार घ्यावा का?

'एक नंबर मोठी टायर टाका, ट्रॅक्टर जोरात ओढेल,' असा सल्ला हमखास मिळतो. तो तपासून घेणे आवश्यक आहे. १२.४-२८ टायरचा बाह्य व्यास सुमारे १२६० मिलिमीटर, १३.६-२८चा सुमारे १३१० मिलिमीटर आणि १४.९-२८चा सुमारे १३६५ मिलिमीटर असतो. एक आकार वाढविला की व्यास साधारण चार टक्क्यांनी वाढतो. प्रत्येक गिअरमध्ये वेगही तितकाच वाढतो आणि चाकाच्या कडेला मिळणारा जोर तेवढाच घटतो. रुंद टायरमुळे मऊ जमिनीत पकड सुधारते, हे खरे; पण इंजिन आधीच थकलेले असेल, तर चढावर गिअर खाली घ्यावा लागेल.

याहून महत्त्वाचा प्रश्न रिमचा आहे. १२.४ टायरसाठी साधारणतः ११ इंच, १३.६साठी १२ इंच व १४.९साठी १३ इंच रुंदीची रिम योग्य असते. एक इंचाने अरुंद रिम बहुधा चालते. परंतु ११ इंची रिमवर १४.९ टायर चढविली, तर तिच्या कडा आत ओढल्या जातात, माथा फुगतो, मधलेच लग जमिनीला टेकतात आणि रुंदीसाठी मोजलेले पैसे वाया जातात. मडगार्ड आणि टायर यांतील अंतर, तसेच पिकाच्या दोन ओळींतील जागा हेही पाहावे. चारचाकी ओढीच्या ट्रॅक्टरमध्ये पुढील व मागील चाकांच्या फेऱ्यांचे प्रमाण ठरलेले असते. तेथे फक्त मागचा आकार बदलल्यास गिअरपेटीवर ताण येतो. कंपनीच्या पुस्तिकेत दिलेले पर्याय हीच सुरक्षित मर्यादा होय.

जोडीच बदलावी

पैशांच्या चणचणीमुळे एकच टायर बदलण्याकडे कल असतो. नांगरताना एक चाक, बहुधा उजवे, तासातून चालते व ते लवकर झिजते. त्यामुळे हा मोह अधिकच होतो. मात्र नवी व झिजलेली टायर यांच्या व्यासात फरक असतो. ट्रॅक्टर सरळ चालत असतानाही लहान चाकाला जास्त फेरे घ्यावे लागतात व डिफरन्शियलचे दाते सतत फिरत राहतात. डिफरन्शियल लॉक लावल्यास दोन्ही चाके एकाच गतीने फिरण्यास बांधली जातात; तेव्हा एक टायर फरपटते व आसावर पीळ बसतो. ट्रॅक्टर एका बाजूला कलतो आणि नांगराची खोलीही सारखी राहत नाही. अपघाताने एक टायर निकामी झाली आणि दुसरी निम्म्याहून अधिक शिल्लक असेल, तर तेवढ्याच झिजेची, त्याच आकाराची व त्याच विणीची वापरलेली टायर शोधणे हा व्यवहार्य मार्ग आहे.

रिमोल्ड टायर, म्हणजे जुन्या सांगाड्यावर नवे रबर चढविलेली टायर, स्वस्त पडते. सांगाडा निर्दोष असेल आणि ट्रॅक्टर मुख्यतः शेतात चालत असेल, तर ती काही वर्षे काम देते. उसाच्या भरलेल्या ट्रॉलीसह लांबच्या रस्त्यावर तिच्यावर विसंबू नये.

बदलताना घ्यावयाची काळजी

टायर बदलणे हे या कामातील माणसाकडूनच करून घ्यावे. पण ते नीट होते आहे की नाही, हे मालकाने पाहावे. मागच्या चाकात पाणी भरलेले असेल, तर एकट्या पाण्याचेच वजन दीडशे ते दोनशे किलो असू शकते. असे चाक अंगावर कलंडले तर माणूस वाचणे कठीण.

ट्रॅक्टर सपाट व टणक जागी उभा करावा. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत. ट्रॅक्टरचा पुढचा आस मध्यभागी एका खिळीवर झुलता असतो; मागची एक बाजू उचलताच सारा सांगाडा दुसरीकडे कलू शकतो. त्यासाठी पुढचा आस व सांगाडा यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी ठोकाव्यात. ही खबरदारी पुष्कळदा वगळली जाते. चाकाचे नट जॅक लावण्यापूर्वीच सैल करावेत. जॅकने उचलल्यावर आसाखाली भक्कम घोडी वा लाकडी ओंडके द्यावेत. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही ट्रॅक्टरखाली जाऊ नये. वॉल्व्ह खाली आणून पाणी काढावे, हवा पूर्ण सोडावी आणि मगच टॉमी लावून टायरची कड सोडवावी.

रिम उघडी झाली की तिची तपासणी करावी. जुन्या ट्रॅक्टरमध्ये वॉल्व्हच्या छिद्राभोवती गंज धरतो, डिस्कच्या जोडावर चिरा पडतात. तारेच्या ब्रशने गंज काढून रंग द्यावा. वेल्डिंग करावयाचे असल्यास टायर रिमवरून पूर्णपणे उतरविलेली असावी. टायर चढलेली असताना, तीत हवा नसली तरी, रिमला वेल्डिंग केल्यास रबर तापून आत ज्वालाग्राही वायू साठतात आणि स्फोट होतो.

नव्या टायरसोबत ट्यूबही नवीच घ्यावी. जुनी ट्यूब ताणून मोठी झालेली असते. नव्या टायरमध्ये तिला घड्या पडतात आणि तेथेच ती फाटते. कडांना साबणाचे पाणी लावावे. ग्रीस वा ऑईल रबर खराब करतात, तर पेट्रोलसारखा पदार्थ जिवावर बेततो. टायरची दिशाही तपासावी. ट्रॅक्टरच्या मागे उभे राहून पाहिल्यास नक्षीचे टोक वरच्या दिशेला, बाणाच्या टोकासारखे दिसले पाहिजे. उलट बसलेल्या टायरमध्ये माती बाहेर फेकली न जाता आत भरते आणि पकड कमी होते. डावे-उजवे चाक अदलाबदल करताना बाहेरची बाजू बाहेरच ठेवली, तर नक्षी उलटी होते, हेही लक्षात असू द्यावे.

हवा भरतानाचा क्षण सर्वांत धोक्याचा असतो. टायरच्या कडा रिमवर नीट बसेपर्यंत दाब वाढवावा लागतो. पण कोणत्याही परिस्थितीत तो ३५ पौंडांच्या वर नेऊ नये. तेवढ्याने कड बसली नाही, तर हवा सोडून, पुन्हा साबणाचे पाणी लावून प्रयत्न करावा. दाब वाढवीत गेल्यास कडेतील तार तुटून टायर उसळते आणि समोरच्या माणसाचा जीव जातो. लांब नळी वापरावी व टायरच्या समोर नव्हे, माथ्याच्या बाजूला दूर उभे राहावे. कड बसल्यावर एकदा सर्व हवा सोडून पुन्हा भरावी, म्हणजे ट्यूबच्या घड्या निघतात. नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत. पहिल्या तासाच्या कामानंतर व दिवसअखेर ते पुन्हा आवळणे अत्यावश्यक आहे.

हवा आणि पाणी

शेतकामासाठी मागील टायरमध्ये साधारण १२ ते १४ पौंड हवा ठेवतात. भरलेली ट्रॉली ओढताना ती १८ ते २० पौंडांपर्यंत वाढवितात. नेमका आकडा पुस्तिकेत वा टायर कंपनीच्या तक्त्यात पाहावा. हवा जास्त झाली तर टायर मध्यभागी झिजते, घसरते व माती घट्ट दाबते. फार कमी झाली तर टायर रिमवर सरकते आणि ट्यूबचा वॉल्व्ह मुळापासून उपटला जातो.

घसरण कमी करण्यासाठी टायरमध्ये पाणी भरण्याची पद्धत जुनी व उपयुक्त आहे. वॉल्व्ह सर्वांत वर आणून त्या पातळीपर्यंत पाणी भरले की टायर सुमारे ७५ टक्के भरते. उरलेल्या जागेतील हवा धक्के सोसते. थंड देशांत पाणी गोठू नये म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराइड मिसळतात. ते रिमला गंज आणते. महाराष्ट्राच्या हवामानात त्याची गरज नाही. नांगरटीचा हंगाम संपून वाहतूक सुरू होताच पाणी काढून टाकावे, अन्यथा ते वजन रस्त्यावर विनाकारण वाहिले जाते.

खरेदी आणि जुन्या टायरची विल्हेवाट

सप्टेंबर २०२५मध्ये ट्रॅक्टरच्या टायरवरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. त्यामुळे पक्के बिल न घेण्यात आता फारशी बचत उरलेली नाही. बिलावर टायरचा क्रमांक लिहून घ्यावा. टायरमध्ये सदोष बनावट आढळल्यास कंपनीकडे दाद मागताना तोच पुरावा ठरतो.

उतरविलेली टायर अंगणात उघडी टाकल्यास तिच्यात पावसाचे पाणी साचते आणि डेंगी पसरविणारे डास वाढतात. ती शेकोटीत वा भट्टीत जाळणे तर आरोग्याला त्याहून घातक. टाकाऊ टायरच्या पुनर्वापराची जबाबदारी २०२२च्या नियमांनुसार उत्पादकांवर टाकण्यात आली आहे. नवी जोडी घेताना जुनी विक्रेत्याकडे देता येईल का, हे विचारून घ्यावे.

निर्णयापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे मिळवावीत. ट्रॅक्टर वर्षातून किती तास शेतात व किती तास रस्त्यावर असतो? तो अजून किती वर्षे ठेवायचा आहे? रिमची रुंदी किती व ती शाबूत आहे का? दोन-तीन वर्षांत विकावयाच्या ट्रॅक्टरला महागडी जोडी कशाला, हा विचार योग्यच आहे. मात्र उतारावर उसाची ट्रॉली मागे असताना ट्रॅक्टर थांबविण्याची मुख्य जबाबदारी याच दोन टायरांवर असते. धागे दिसू लागलेल्या टायरवर आणखी एक हंगाम काढण्यात वाचणारी रक्कम त्या जोखमीच्या तुलनेत अगदीच किरकोळ आहे.